पहिलीच डीव्हीची केस, तीही विधी सेवा समितीकडून: घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वकिलीची सनद घेऊन चौथं वर्ष चालू आहे. आजवरचं काम वाटणीचे दावे, मनाई, वारसदाखले आणि थोडी महसुली अपिलं एवढंच. गरजूंना मोफत वकील देणाऱ्या तालुका विधी सेवा समितीच्या पॅनलसाठी स्वतःहून नाव दिलं आणि पहिलंच प्रकरण आलं ते डीव्हीचं, म्हणजे कौटुंबिक हिंसाचाराचं. दोन मुलं घेऊन माहेरी आलेली बाई, नवरा शेजारच्या तालुक्यातला ऊस लावणारा शेतकरी, घर आणि जमीन सासऱ्यांच्या नावावर. ‘फौजदारी कोर्टात मी जामिनापुरताही फारसा उभा राहिलेलो नाही. घेऊ, की दुसऱ्या कुणाला द्या म्हणून परत पाठवू?’

घ्या. तुम्ही परत पाठवलेलं प्रकरण जाणकाराच्याच हाती जाईल याची खात्री नाही. पॅनलच्या यादीतल्या पुढच्या नावाकडे ते जाईल, आणि मध्ये एक-दोन तारखा वाया जातील. पॅनलसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट आहे, ती तुम्ही पुरी करता. बार कौन्सिलच्या नियमांतही गरजूला मोफत मदत करणं हे वकिलाचं मोठं कर्तव्य मानलेलं आहे. त्यामुळे तुम्हाला अधिकार आहे का, हा प्रश्न उरत नाही. उरतो तो तयारीचा, आणि तो सुटण्यासारखा आहे.

एक गैरसमज आधी काढून टाका. प्रकरण प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतं म्हणून ते फौजदारी होत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा २००५ चा हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात मागायचं काय? मारहाण थांबवण्याचा आदेश (कलम १८), राहायला घर (कलम १९), पैसे (कलम २०), मुलांचा तात्पुरता ताबा (कलम २१), भरपाई (कलम २२). ही सगळी मागणी दिवाणी स्वरूपाची आहे. ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो सामनेवाला इथे आरोपी नसतो. तो आरोपी होतो संरक्षण आदेश मोडल्यावर. मग कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तो गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र. तोवर तुमच्या हातात असतं ते अर्ज, म्हणणं, शपथपत्र, कागद आणि युक्तिवाद. म्हणजे जे तुम्ही रोज करता तेच.

अडचण होते ती दिवाणीच्या सवयींमुळे. दाव्यात आपण प्रतिवादीच्या कैफियतीची वाट बघतो, मग मुद्दे, मग पुरावा, मग वर्षानुवर्षांनी हुकूमनामा आणि त्यानंतर त्याच्या अंमलबजावणीची दरखास्त. ती चाल इथे धरलीत तर बाईचं नुकसान ठरलेलं. तिला जूनमध्ये मुलांची शाळा सुरू करायची आहे. चार वर्षांनी आलेल्या सुंदर निकालपत्राचा तिला काय उपयोग? माझ्या मते डीव्हीची केस ही मुळात दोन अर्जांची केस असते. पहिला कलम २३ चा अंतरिम, म्हणजे निकालाआधी तात्पुरता आदेश मागणारा अर्ज, दुसरा वसुलीचा. मधलं सगळं काम नेहमीचंच. या दोन अर्जांवर जो वकील जीव लावतो त्याची पक्षकार महिन्याला खात्यावर पैसे बघते. जो लावत नाही त्याच्या पक्षकाराकडे आदेशाची नुसती नक्कल असते.

पहिल्या भेटीबद्दल सविस्तर लिहितो, कारण कागद कितीही चांगला असला तरी पाया इथेच पडतो. बाई एकटी येणार नाही. वडील, भाऊ किंवा मामा बरोबर असेल आणि प्रश्न तिला विचारलात तरी उत्तर तो देईल. त्यांना चहाला पाठवा, कारकुनाबरोबर बाहेर बसवा, काहीही करा. पण अर्धा तास तिच्याशी एकटीशी बोला. विधी सेवा समितीने तुम्हाला तिच्यासाठी नेमलं आहे, तिच्या भावासाठी नाही. भावाला नवऱ्याला धडा शिकवायचा असतो. वडिलांना बहुधा ती परत नांदायला जावी असं वाटत असतं. तिला काय हवं आहे, हे अनेकदा कुणी विचारलेलंच नसतं. परत जायचं आहे पण मार थांबला पाहिजे, वेगळी खोली हवी, नुसता खर्च हवा की घटस्फोटाचाच विचार आहे, यावर अर्जातली प्रत्येक मागणी ठरते.

ती सगळं एका दमात सांगणार नाही, आणि तारखा तर मुळीच सांगणार नाही. ‘पाडव्याच्या आदल्या दिवशी’, ‘धाकटा पोटात असताना’, ‘कारखाना सुरू झाला तेव्हा’ अशाच भाषेत सांगेल. तसंच उतरवून घ्या आणि नंतर कॅलेंडर काढून तारखा बसवा. पहिला प्रसंग, सगळ्यात वाईट प्रसंग आणि घर सोडतानाचा शेवटचा प्रसंग, हे तीन नीट आले की अर्ज उभा राहतो. कायद्यात हिंसा म्हणजे फक्त मारहाण नाही. कलम ३ मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे चारही प्रकार आहेत. घरखर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन काढून घेणं किंवा परस्पर गहाण ठेवणं, हे बाई ‘त्यात काय सांगायचं’ म्हणून सोडून देते. तुम्ही मुद्दाम विचारा. दागिन्यांची यादी, बिलं आणि लग्नाचे फोटो त्याच दिवशी मागून घ्या, कारण कलम १९(८) खाली स्त्रीधन परत मागता येतं.

अर्ज मराठीत लिहा, आणि तिला वाचून कळेल अशा मराठीत. उलटतपासात तिला याच कागदावर उभं राहायचं आहे. आपण वकील सवयीने ‘अमानुष व अनन्वित छळ केला’ असं लिहितो आणि विरुद्ध बाजूचा वकील पहिलाच प्रश्न विचारतो, ‘अनन्वित म्हणजे काय, बाई?’ मारलं तर कशाने, कुठे, कुणादेखत, दवाखान्यात गेली का, एवढं साधं लिहा.

कोर्ट कुठलं, याची काळजी करू नका. कलम २७ प्रमाणे ती कायमची किंवा तात्पुरती जिथे राहते तिथे अर्ज चालतो, त्यामुळे माहेरच्या तालुक्यातलं तुमचं कोर्ट बरोबर आहे. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांचा घरगुती हिंसेचा अहवाल, ज्याला सगळे डीआयआर म्हणतात, आला नाही म्हणून अर्ज थांबवून ठेवू नका. मे २०२२ मध्ये प्रभा त्यागी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की बाई स्वतः किंवा वकिलामार्फत आली असेल तर अहवालावाचूनही आदेश देता येतो. अहवाल आला तर मदतच होते, म्हणून संरक्षण अधिकाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात भेटा. नोटीस बजावणीची जबाबदारीही कलम १३ ने त्यांच्यावरच टाकली आहे. त्यांना गावाचं नाव एवढंच देऊ नका. वस्ती, मळा, नवऱ्याचा मोबाइल नंबर, तो सकाळी डेअरीवर किती वाजता असतो, हे सगळं कागदावर लिहून द्या. बजावणीअभावी पडलेल्या तारखांइतका वेळ दुसऱ्या कशातही जात नाही.

सामनेवाले किती घालायचे? भाऊ दहा नावं सांगेल: नणंद, तिचा नवरा, चुलत दीर, लग्न जमवणारा मध्यस्थसुद्धा. २०१६ च्या हिरल हरसोरा निकालानंतर स्त्री नातेवाईकही सामनेवाल्या होऊ शकतात हे खरं. पण होऊ शकतात म्हणून घालायच्या नसतात. प्रत्येक नावाला एक बजावणी लागते, एक वेगळं म्हणणं येतं, एक गैरहजेरीचा अर्ज येतो. शिवाय पुण्याला सासरी नांदणाऱ्या नणंदेविरुद्ध मोघम आरोप केलेत की ती कार्यवाही रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जाते आणि तुमचा अंतरिम अर्ज इकडे लटकतो. तुमच्याकडून ते आता कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातील, मुंबईची फेरी तेवढी वाचली. नवरा, आणि घर सासऱ्यांच्या नावावर असल्यामुळे सासरे. सासूविरुद्ध ठोस प्रसंग असेल तरच सासू. एवढं पुरे.

घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून निवासाची मागणी सोडून देऊ नका. २००६ च्या एस. आर. बात्रा निकालावर बोट ठेवून अजूनही काही वकील सांगतात की घर नवऱ्याचं नाही म्हणजे सुनेचा हक्क नाही. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीश आहुजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल चुकीचा ठरवला आहे. घर नातेवाइकाच्या मालकीचं असलं, तरी ती तिथे सामायिक घर म्हणून नांदलेली असेल तर कलम १९ ची मागणी करता येते. फक्त एक मर्यादा ध्यानात ठेवा: घर सोडून जाण्याचा आदेश कुठल्याही स्त्रीविरुद्ध देता येत नाही, म्हणजे सासूला बाहेर काढा असं मागू नका. आणि त्याच घरात परत राहणं तिच्या जिवाला धोक्याचं असेल तर पर्यायी घर किंवा घरभाडं मागा. कोर्टंही बऱ्याचदा हाच मार्ग पसंत करतात.

आता पैशाकडे येतो. तुमचा दिवाणी-महसुली अनुभव इथे फौजदारीतल्या मुरलेल्या वकिलापेक्षा जास्त कामाला येईल. नवरा म्हणणार, ‘जमीन वडिलांची, मी मजुरी करतो, उत्पन्न नाही.’ ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाने दोन्ही बाजूंनी मालमत्ता व दायित्वांचं शपथपत्र देणं बंधनकारक केलं आहे, आणि शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना निकालासोबतच जोडला आहे. तो नमुना वापरा. पगारदारांचा भरू नका. मी बघतो, तालुक्याच्या कोर्टांतही सर्रास तोच डकवलेला असतो आणि निम्मे रकाने ‘लागू नाही’ असतात. तुमच्या बाजूचं शपथपत्र अर्जासोबतच द्या, म्हणजे नवऱ्याच्या चार आठवड्यांच्या मुदतीसाठी आग्रह धरता येतो.

मग कागद गोळा करा. सातबारा आणि ८अ तुम्ही झोपेतही काढाल. गाव नमुना बारावर ई-पीक पाहणीतून कुठलं पीक लागलं ते दिसतं. जमीन सासऱ्यांच्या नावावर असली तरी कारखान्यातली उसाची नोंद मुलाच्या नावावर असू शकते, ते तपासा. दूध संस्थेची बिलं, विकास सोसायटीचं पीककर्ज, ट्रॅक्टरची नोंदणी, बँकेचं खातं, हे एकेक जोडत गेलं की ‘मजुरी करतो’ हे वाक्य कोर्टापुढे टिकत नाही. जे बाईला मिळू शकत नाही ते कोर्टामार्फत मागवा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ९१ खाली, कारखान्याला किंवा बँकेला उतारा हजर करायला सांगता येतं. अर्ज एक पानाचा असतो.

रक्कम मागताना ‘योग्य वाटेल ती’ असं लिहू नका. शाळा, रेशनपलीकडचा किराणा, औषधं, भाडं, वीज असं महिन्याचं गणित मांडा. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, हे रजनेश निकालातच आहे. अर्जाच्या प्रार्थनेत, म्हणजे मागणीत, ते स्पष्ट लिहा. दुसरीकडे आधी १२५ ची, म्हणजे आताच्या १४४ ची, पोटगी किंवा हिंदू विवाह कायद्याखाली काही चालू असेल तर ते लपवू नका. जाहीर करणं बंधनकारक आहे, आणि लपवलेलं उघड झालं की तिच्या बाकी सगळ्या सांगण्यावरचा विश्वास उडतो.

आदेश झाला म्हणजे अर्धं काम झालं. पहिला हप्ता चुकला की लगेच वसुलीचा अर्ज द्या. साठू देऊ नका. या कायद्याचे आदेश पोटगीच्या आदेशांसारखेच वसूल होतात, आणि त्या तरतुदीत रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायची अट आहे. डायरीत दर अकरा महिन्यांनी खूण करून ठेवा. नवरा म्हणेल, महिनाभर आत बसतो पण पैसे देत नाही. बसू द्या. तुरुंगात जाऊन देणं फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच कुलदीप कौर प्रकरणात सांगितलं आहे.

पण तुरुंगापेक्षा चांगला रस्ता कलम २०(६) चा, आणि तो फार कमी वकील वापरतात. नवऱ्याने पैसे दिले नाहीत तर दंडाधिकारी त्याच्या मालकाला, किंवा त्याचं देणं लागणाऱ्याला, थेट बाईला पैसे द्यायचा किंवा कोर्टात भरायचा आदेश देऊ शकतात. नोकरदाराच्या बाबतीत हे सरळ आहे, पगारातून कापून घ्यायचं. शेतकऱ्याचं काय? ऊस गाळपाला गेला की ऊसबिल देईपर्यंत कारखाना त्याचं देणंच लागतो. दूध संस्थेचंही तसंच. कलमाचे शब्द मला तरी या व्यवहाराला नेमके लागू वाटतात. सामनेवाल्याचे वकील हरकत घेतील, घेऊ द्या. कारखान्याचं नाव, शेतकी गट, नोंद क्रमांक अर्जात घाला आणि हंगाम सुरू व्हायच्या आत अर्ज करा. बिल खात्यावर जमा होऊन काढून घेतल्यावर आदेश आला तर त्याचा उपयोग नाही.

पुराव्याबद्दल थोडक्यात. कलम २८(२) मुळे कोर्ट स्वतःची पद्धत ठरवू शकतं आणि बहुतेक ठिकाणी सरतपास, म्हणजे आपल्याच साक्षीदाराचा जबाब, शपथपत्रावरच होतो. व्हॉट्सॲपचे मेसेज द्यायचे असतील तर साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. जुन्या ६५ब चा नमुना चालत नाही. नव्यात दोन भाग आहेत आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा आहे, त्यामुळे ते शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

तुम्ही नवखे आहात हे कुणाला सांगायचं? समितीला आणि बाईला, दोघांना. समितीला सांगितलंत तर एखादे जाणते पॅनल वकील मार्गदर्शनाला देता येतात. बाईला साध्या शब्दांत सांगा की या प्रकारची माझी पहिली केस आहे, मी तयारी करतो आहे, अमुक वरिष्ठांना विचारून करतो आहे. तिला दुसरा वकील मागायचा हक्क आहे, हेही सांगा. बहुतेक जणी मागत नाहीत. त्यांना फोन उचलणारा आणि तारखेला हजर राहणारा वकील हवा असतो. कोर्टात डीव्हीचं बोर्ड ज्या दिवशी जास्त असतं त्या दिवशी बसून ऐका, आणि वरिष्ठांकडून नावं खोडलेले दोन-तीन चांगले अर्ज व म्हणणी वाचायला मागा. एकदा वकीलपत्र दिलं की सबळ कारणाशिवाय मध्येच सोडता येत नाही, म्हणून हितसंबंध आधीच तपासा. तालुक्यात सगळे सगळ्यांचे पाहुणे असतात. या नवऱ्याचा चुलता तुमच्या एखाद्या वाटणीच्या दाव्यात तुमचाच पक्षकार निघाला तर हे प्रकरण घेऊ नका, मग कितीही इच्छा असो.

आणि उत्साहाच्या भरात प्रत्येकच प्रकरणाला हात वर करू नका. डीव्ही शिकत शिकत करता येतं, कारण अंतरिम आदेशात दुरुस्ती होते, कलम २५ खाली बदल मागता येतो, कलम २९ खाली तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येतं. खुनाचं तसं नाही. अनोखीलाल प्रकरणात खटला इतक्या घाईत चालवला गेला की विधी सेवेतून दिलेल्या वकिलाला तयारीला वेळच मिळाला नाही. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितलं. त्याच निकालात, जन्मठेप किंवा फाशी होऊ शकणाऱ्या प्रकरणांत किमान दहा वर्षांचा अनुभव असलेलेच वकील नेमावेत आणि तयारीला साधारण सात दिवस तरी द्यावेत, असंही म्हटलं आहे. तसं प्रकरण आलं तर नम्रपणे नाही म्हणा.

मानधनाबद्दल: ते कमी असतं आणि उशिरा येतं. तरी बाईकडून झेरॉक्सच्या नावाखालीही पैसे घेऊ नका. विधी सेवेच्या विनियमांत सक्त मनाई आहे, आणि आदेशाची प्रत तर कलम २४ प्रमाणे तिला मोफतच मिळते. स्त्री म्हणून ती मोफत मदतीला पात्र आहे, तिच्या उत्पन्नाची मर्यादा आड येत नाही. त्यामुळे माहेरच्यांकडे जमीन आहे म्हणून कुणी हरकत घेतली तर विधी सेवा अधिनियमाचं कलम १२(क) दाखवा.

शेवटी तडजोड, कारण ती निघणारच. लोकअदालतीच्या आधीच्या आठवड्यात दोन्हीकडचे पुढारी जमतील, ‘नांदायला पाठवा, केस काढून घ्या’ म्हणतील आणि तुमच्यापुढे पुरसीस, म्हणजे केस काढून घेत असल्याचं लेखी निवेदन, ठेवतील. बाईची खरोखर इच्छा असेल तर आडवे येऊ नका. पण लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून अटी लेखी घ्या: राहायचं कुठे, महिन्याला किती, कुठल्या खात्यावर, कुठल्या तारखेला, दागिने कधी परत. संरक्षण आदेश चालू राहील असंही त्यात लिहून घ्या. दागिने आणि पहिले काही हप्ते हातात येईपर्यंत केस प्रलंबितच ठेवा. न्यायाधीश घाई करत असतील तर ‘अनुपालनासाठी तारीख मिळावी’ एवढाच अर्ज द्या आणि त्यावरचा आदेश कोर्टाच्या रोजनाम्यात आला की नाही, ते त्याच दिवशी बघून घ्या.